दहावी २०१३, सर्व तुकड्या

डोंबिवलीत दोन अनोळखी माणसांची ओळख झाली की नाव, आडनाव आणि 'ईस्ट का वेस्ट?' यानंतरचा प्रश्न हमखास 'शाळा कुठली?' हाच असतो. टिळकनगर, जोशी, पाटकर, विवेकानंद... उत्तर आलं की समोरचा मनातल्या मनात तुम्हाला एका कप्प्यात टाकून मोकळा! माझी शाळा कुठली ते मुद्दामच सांगत नाहीये, कारण पुढे लिहिलंय ते गावातल्या बऱ्याच शाळांच्या बॅचना लागू पडेल. मराठी माध्यम, दहावी मार्च २०१३. एवढं पुरे.

आता आम्ही सगळे २८-२९चे. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी शाळेचा विषय काढतो. नवनीतचं २१ अपेक्षित, एलिमेंटरीच्या परीक्षेत सांडलेलं रंगाचं पाणी, पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी केलेली लेझीमची प्रॅक्टिस (डोंबिवलीत ही यात्रा १९९९ला सुरू झाली, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाची), ऑफ तासाला वाजवलेले बाक. त्याच दहा-बारा आठवणी फिरून फिरून येतात. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू.

पण खरं सांगायचं तर आठवी ते दहावी आम्हाला शाळेनेच वाढवलं. आईबाबा दोघंही सकाळच्या लोकलने मुंबईला, परत येईपर्यंत रात्रीचे आठ. घराची चावी दप्तराच्या आतल्या कप्प्यात, दुसरी शेजारच्या काकूंकडे. ताप आलाय हे आधी कळायचं ते वर्गावरच्या बाईंना. कुणाच्या बाबांची कंपनी बंद पडलीय, कुणाच्या घरी आजी आजारी आहे, सगळं त्यांना माहीत असायचं. सहलीचे पैसे कुणी भरले नाहीत तर ते कसे भरले जायचे, हे आम्हाला फार नंतर कळलं.

आणि वर्गात गाव असायचं. सातवीपर्यंत माझ्या बाकावर आयरे गावातला एक आगरी मुलगा होता, पुढच्या बाकावर ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधला एक. आयऱ्याच्या मित्राच्या बहिणीच्या हळदीला आम्ही अख्खा वर्ग गेलो होतो. आमच्या सोसायटीत तेवढ्या आवाजात कुणी हसतसुद्धा नाही, नाचणं तर सोडाच!

आठवीत सेमी इंग्लिश सुरू झालं. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. सातवीच्या मार्कांवर 'अ' आणि 'ब' सेमी, 'क', 'ड', 'ई' पूर्ण मराठी. मी 'अ'मध्ये, आयऱ्याचा मित्र 'ड'मध्ये. मधल्या सुट्टीत भेटायचो, डबाही एकत्रच खायचो. फक्त तो 'वर्गसमीकरण' म्हणायचा आणि मी 'क्वाड्रॅटिक इक्वेशन'. तेव्हा हे फारच विनोदी वाटायचं.

मग दहावी, बेस्ट ऑफ फाइव्ह आणि अकरावीचा ऑनलाइन फॉर्म. आमच्याकडे, म्हणजे मुंबई विभागात, तो २००९पासून सुरू झाला होता. पहिली यादी लागली आणि बॅच विखुरली. कुणी वझे-केळकर, कुणी रुईया, बरेच जण पेंढरकर आणि मॉडेल, काही आयटीआय. ग्रुपवर सगळे म्हणतात की आम्हाला कटऑफने वेगळं केलं. माझं मत वेगळं आहे. चाळणी आठवीतच लावली होती, अकरावीला फक्त निकाल लागला. त्यानंतर सगळ्या तुकड्या एका ठिकाणी दिसायच्या त्या फक्त दिवाळीच्या पहाटे, फडके रोडच्या गर्दीत, नवीन कुर्ते घालून. तिथेही घोळके तुकडीनिहायच, बरं का.

२०२३ला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही भेटलो आणि शाळेला डिजिटल फळा घेऊन द्यायचं ठरवलं. दोन दिवसांत पैसे जमले. भाषणं झाली. 'मराठी माध्यमामुळे आपलं कुठे काय अडलं?' हे वाक्य मी त्या संध्याकाळी निदान पाच जणांकडून ऐकलं.

गेल्या वर्षी बाईंनी ग्रुपवर लिहिलं, 'पहिलीला मुलं मिळत नाहीत. आम्ही शिक्षक घरोघर फिरतोय. तुमच्यापैकी कुणाची मुलं त्या वयाची असतील तर आपल्या शाळेत घाला. आता सेमीही पहिलीपासून आहे.'

एरवी हा ग्रुप पाच मिनिटं गप्प बसत नाही. त्या दिवशी दोन तास शांतता. मग एकाने हात जोडलेली इमोजी टाकली, तिच्याखाली तशाच आणखी नऊ. (मला अजून मूल नाही, त्यामुळे गप्प बसायची माझी सोय आपोआपच झाली होती.)

सरळ उत्तर दिलं ते एकट्या आयऱ्याच्या मित्राने. तो आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाला, आता स्वतःची कामं घेतो, हाताखाली चार पोरं आहेत. त्याने लिहिलं, 'बाई, माझ्या मुलीची इंग्लिश मीडियमला ॲडमिशन घेतलीय. आयटीआयनंतर एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो होतो. वायरिंगचं सगळं येत होतं. पण साहेब इंग्रजीत विचारत होता, मला प्रश्नच कळत नव्हते. तिच्यावर ती वेळ नको. राग मानू नका.'

ते वाचल्यापासून 'कुठे काय अडलं?' हे वाक्य मला ऐकवत नाही. ते 'अ' तुकडीचं वाक्य आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आम्हीही चाचपडलो, पण निदान शब्द ओळखीचे होते. आपल्याला शाळेतून नक्की काय मिळालं याचा हिशोब 'अ' आणि 'ड'चा वेगळा येणार, आणि ग्रुपवर आठवणी लिहितात ते बहुतेक 'अ'वाले. आणि गंमत म्हणजे अडलं नाही म्हणणाऱ्यांपैकीही कुणाचं मूल मराठी शाळेत नाही! मग अडलं होतं की नव्हतं?

बाईंनी त्याला उत्तर दिलं, 'राग कसला? तिला एकदा शाळा दाखवायला घेऊन ये.'

पुढच्याच शनिवारी तो घेऊन गेला. ग्रुपवर फोटो आला. मुलगी पहिल्या बाकावर बसलीय, पाय जमिनीला टेकत नाहीत, मागे आमचा डिजिटल फळा. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, 'आमचा ड चा वर्ग दाखवायचा होता. आता दोनच तुकड्या आहेत म्हणाले. म्हणून अ मध्ये बसवली.'