तंजावरची वही : हप्ता तिसरा

सोमवार
गाडी दोन तास उशिरा. हमाल सहा आणे, जटका बारा आणे, खोली एक रुपया. चहा कोठेही नाही; कॉफी, दोन आणे. रात्री पुन्हा भात. पाय सुजले आहेत. देऊळ उद्या.

मंगळवार, त्रयोदशी
आमच्याकडे गाभाऱ्यात उतरून पिंडीवर स्वहस्ते तांब्या रिता करणाऱ्या मनुष्याला बृहदीश्वरापुढे दूरच थांबावे लागते, आणि पुजारी गुरुक्कल कापराची ज्योत उजळीपर्यंत त्या काळोखात लिंग कोठे संपते हेही उमगत नाही. मला आधी राग आला, मग ज्योत वर गेली, आणखी वर गेली, आणि मान मागे टाकता टाकता राग ओसरला. तळहातावर भस्माची चिमूट. सायंकाळी प्रदोष : अखंड पाषाणाच्या, सुमारे 12 फूट उंच नंदीला दुधादह्याचा अभिषेक, ओदुवार गायकांचे तेवारम या तमिळ शिवस्तोत्रांचे गायन. शब्द एक कळला नाही, तरी उठवेना. कॉफी चार आणे. भात.

बुधवार
पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेले एक मराठी वृद्ध, पूर्वीचे कारकून, देवळात भेटले. म्हणाले, "देव पाहिलात, आता हिशेब पाहा." राजराज चोळाने 1010 साली पूर्ण केलेल्या या 216 फुटी विमानाचे जोते आणि प्राकाराच्या भिंती म्हणजे दगडी दफ्तर आहे : आपण दिले, वडील बहिणीने दिले, इतरांनी दिले ते सर्व कोरावे अशी राजाज्ञा, 400 देवदासींची नावे, त्यांच्या आळ्या व घरे, आणि दरसाल प्रत्येकीस 100 कलम भाताची नेमणूक (येथेही भात!); एका नंदादीपाच्या तुपासाठी 96 मेंढ्या, आणि चोळांच्या हिशेबात त्या मेंढ्या मरत नाहीत की म्हाताऱ्याही होत नाहीत, कारण कळप राखणाऱ्याने संख्या भरून काढायची असते. पलीकडे नैर्ऋत्येस सरफोजी राजांनी 1803 साली देवनागरीत कोरविलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास. वृद्ध तो चष्म्याविना वाचीत होते. डोळ्यांनी नव्हे, पाठांतराने. निरोप देताना दक्षिणा म्हणून काही घेईनात.

गुरुवार
परतीची गाडी दीड तास उशिरा. जटका बारा आणे, हमाल सहा आणे. फलाटावर बसून वहीची बेरीज केली. सव्वातीन आण्यांची तूट येते. कशावर गेले, ते लिहिलेले नाही.