तळघरातली शिकवणी आणि नव्याचा सण



न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये आमच्या घराच्या तळघरात ट्रम्पेटची शिकवणी चालते. आमच्यापैकी एक जण ट्रम्पेट शिकवतो, दुसरी पेटी पुढ्यात घेऊन थिअरी समजावते. सर्वांत लहान विद्यार्थी 8 वर्षांचा, सर्वांत मोठे 71 वर्षांचे. आजची हकिगत त्या मोठ्यांची.

आम्ही दोघं मुंबईत धोबीतलावला एका गोवेकर सरांकडे शिकलो. सरांनी गावच्या चर्चच्या शाळेत वाद्य हाती येण्याआधी सोल्फेज गिरवलं होतं, म्हणून आम्हालाही आधी गायला लावायचे. तीच रीत आम्ही इथे चालवतो. ट्रम्पेटच्या कागदावरचा 'सी' पेटीवर पांढरी एक का वाजत नाही, काळी पाच का वाजते, हे इथल्या मुलांना तासभर सांगावं लागतं. आपल्या घरातल्या आजीला एका वाक्यात कळतं, कारण सा हलतो हे तिला कीर्तनापासून ठाऊक असतं.

नव्या विद्यार्थ्याला आम्ही एकदा कोरोनाला, लुई आर्मस्ट्राँगच्या घरी नेतो. 1943 पासून 1971 मध्ये जाईपर्यंत तो तिथेच राहिला. आता तिथे संग्रहालय आहे. न्यू ऑर्लिन्सला लहानपणी तो कार्नोफ्स्की नावाच्या यहुदी कुटुंबाकडे काम करायचा. पहिलं कॉर्नेट घ्यायला त्यांनी पैशाची मदत केली, हे त्याने 1969 मध्ये आजारपणात लिहून ठेवलं.

तर काका. आमच्या मंडळीत तीसेक वर्षं शोफार त्यांनीच फुंकला. मागच्या उन्हाळ्यात ते एकटेच जिना उतरून आले आणि म्हणाले, "घरी सांगू नका. फुंक फुटते."

वरची कवळी नवी होती. ट्रम्पेट काय नि शोफार काय, सूर ओठांच्या थरथरीतून निघतो आणि ओठांना मागून आधार दातांचा. ट्रम्पेटला निदान मुखनळी असते, तीन व्हॉल्व्ह असतात: मधला सूर अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला एका, तिसरा दीड स्वराने. एडक्याच्या शिंगाला यातलं काही नाही. ओठ आणि वारा, बस्स.

सहा आठवडे आम्ही त्यांच्याकडून नुसते लांब सूर काढून घेतले. छोटी तेकिया परत आली, मोठी येईना. दुसऱ्या आठवड्यातच आम्हाला कळलं होतं की यंदा ती यायची नाही. बोलायचा धीर झाला नाही. 'जमेल काका' म्हणत राहिलो. शेवटी तेच चिडून म्हणाले, "फी घेता ना? मग खरं बोला." आम्ही खरं बोललो. ते शोफार कापडात गुंडाळून वर निघून गेले.

पुढच्या गुरुवारी आले ते एका मुलाला घेऊन. मुलगा आमचाच विद्यार्थी, नुकतीच बार मित्झ्वा झालेला. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. आम्ही उत्साहाने त्याला तयार केला. जीभ टाळूला लावून तेरुआचे नऊ ठोके, सगळे सारखे, सगळे स्वच्छ. काकांनी ऐकलं.

"छान. पण वरात आल्यासारखं वाटतंय."

आम्ही थोडे दुखावलो. मग त्यांनी सांगितलं की तालमूदात तेरुआचा अर्थ लावताना सीसराच्या आईच्या रडण्याचा आधार घेतलाय. खिडकीशी बसून ती मुलाची वाट पाहते आणि तो परत येत नाही. मुलाने विचारलं, सीसरा तर शत्रू ना? काका म्हणाले, "आईच ना ती."

मग म्हणाले, "ठोके नकोत. हुंदके पाहिजेत." मुलाला 'हुंदका' ठाऊक नव्हता. आम्ही इंग्रजी शब्द शोधत होतो, तेवढ्यात काकांनी खुर्चीत बसल्या बसल्या हुंदका देऊनच दाखवला. छाती हलली, खांदे हलले. मुलगा बघत राहिला. त्याने शोफार उचलला आणि जीभ न लावता पोटातून फुंकला. सूर वेडेवाकडे आले, नऊच्या नऊ. आम्ही काही सुधारलं नाही.

नव्याच्या सणाला तेब्याजवळ मुलगा उभा राहिला. त्याच्या बाजूला काका, एकेक नाव हळू आवाजात पुकारत: तेकिया, शेवारीम, तेरुआ. एकदा शेवारीम मध्येच तुटली. मुलगा घाबरून त्यांच्याकडे वळला. काकांनी मान न हलवता पुन्हा "शेवारीम" म्हटलं, तितक्याच हळू.

आपल्या कोकणातल्या वाडवडिलांना हिब्रू प्रार्थना शिकवायला 19 व्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, हे आपण अभिमानाने सांगतो. तेही शिकवणीच घेत होते. आम्ही मात्र इतकी वर्षं वही काढून शिकवली आणि या वर्षी वहीत न मावणारी गोष्ट शिकलो.

काका अजून गुरुवारी येतात. नोटेशन वाचायला शिकताहेत, काळी पाचवर अडतात आणि फी वेळेवर देतात.

तुमच्या गावी शोफार कोण फुंकतं? आणि तो कुणाकडून शिकला? यंदाच्या सणाआधी त्यांना एकदा विचारा.