पंधराशे किलोचं घर

लाखनी-मुरमाडीत कोणाच्या घरचा माणूस फौजेत आहे, हे विचारावं लागत नाही. ओसरीवर किंवा धानाच्या पोत्यांशेजारी एक काळी पत्र्याची पेटी दिसते आणि तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, युनिट. जवळ जाऊन पाहिलं तर अक्षरांखाली अजून अक्षरं असतात. 'नायक'वर काळा रंग फासून 'हवालदार' केलेलं, 'जबलपूर' झाकून 'जालंधर' लिहिलेलं. पावसाळ्यात हवा दमट झाली की वरचा रंग पोपडा धरतो आणि जुनं स्टेशन पुन्हा वर येतं. आमच्याकडे अशा पेट्या एकावर एक रचलेल्या आहेत. दुलया ठेवायला त्यांच्यासारखं काही नाही.

नवरा सिग्नल्समध्ये होता. पायदळातल्या बायकांचं वेगळं असतं. तिथे अख्खी पलटण एकदम हलते, शेजारीण जाते तिथेच आपणही जातो, भांडण अर्धवट राहिलं असेल तर नव्या ठिकाणी पुरं करता येतं. सिग्नल्सवाल्याची बदली एकट्याची. कागद येतो, त्यावर त्याचाच नंबर, आणि आठ-पंधरा दिवसांत मूव्हमेंट ऑर्डर. म्हणजे सामान किती न्यायचं, कशातून न्यायचं, बांधायचं कोणी, हे दरवेळी आपलं आपण ठरवायचं.

सरकारनं मात्र एक गोष्ट आधीच ठरवलेली असते: तुमच्या घराचं वजन, म्हणजे बदलीत सरकारी खर्चानं किती सामान नेता येईल ते. शिपाई आणि नायक यांचं घर १५०० किलोचं. हवालदार झाला की ३००० किलोचं. नायब सुभेदारापासून पुढे ६००० किलो. फीत लागली त्या दिवशी संसार एका रात्रीत दुप्पट जड होऊ शकतो, सरकारची हरकत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली रस्त्याचे दरही ठरले. तेव्हा नायकापर्यंत किलोमीटरमागे १५ रुपये, हवालदाराला २५. त्या दरानं हजार किलोमीटरची बदली असेल तर हवालदाराचे पंचवीस हजार झाले. शिवाय बदलीची एकरकमी मदत म्हणून मूळ पगाराच्या ८० टक्के. कागदावर वाईट नाही. हे पुढे नायब सुभेदार झाले, पण आमचं घर कधी सहा हजार किलोचं झालं नाही. सहा हजार किलो म्हणजे साठ क्विंटल. एवढा धान पिकला तर भंडारा जिल्ह्यातला माणूस गावजेवण घालेल.

अमेरिकेच्या फौजेत, म्हणे, कुटुंबाला सरळ विचारतात: सरकारचा कंत्राटदार पाठवू, की तुम्हीच हलवता? स्वतः हलवायचं म्हटलं तर गाडी आधी रिकामी काट्यावर चढवायची, मग भरून चढवायची, दोन्ही पावत्या जोडायच्या, आणि मधल्या फरकाचा मोबदला घ्यायचा. मला हे ऐकून राइस मिलचा धर्मकाटा आठवला. आमच्याकडे धानाची ट्रॉली अशीच मोजतात. पण काट्यावरच्या पावतीत ट्रॉली कोणी भरली हे नसतं. आमच्या क्लेममध्येही नसायचं, तिकडच्या कागदावरही नसणार.

कारण खरा प्रश्न तिथेच आहे. 'पॅकर्स लावायचे की स्वतः करायचं?' हे वाक्य फौजी घरात जेवताना सहज बोललं जातं. बोलणारा बहुतेक वेळा तो असतो. "अगं, पॅकर्सला एवढे पैसे कशाला? स्वतःच करू." आणि ठरल्या तारखेला तो रेल्वे वॉरंट घेऊन गाडीत बसतो. मुलांची परीक्षा मार्चअखेरपर्यंत असते, तोवर क्वार्टर ठेवायची परवानगी मिळते, ती तो मिळवून जातो, त्याबद्दल तक्रार नाही. मागे जी उरते ती 'स्वतः'.

जुन्या काळी पॅकर्स हा शब्दच आमच्या हुद्द्यापर्यंत पोचला नव्हता. सासऱ्यांच्या वेळेला एक होल्डॉल, दोन पेट्या, एवढ्यात फौजी आपला संसार घेऊन वरठीला उतरायचा. लाखनीला रेल्वे नाही. वरठीचं भंडारा रोड स्टेशन, तिथून भंडारा, कारधाचा वैनगंगेचा पूल आणि मग एसटीच्या टपावर पेट्या घालून वीस-बावीस किलोमीटर. आमच्या वेळेपर्यंत फ्रिज आला होता, कूलर आला होता, मुलांच्या सायकली होत्या. फ्रिजसाठी सुतार लाकडी खोकं करून द्यायचा. ते खोकं मोडायचं नाही, फळ्यांवर खडूनं आकडे घालून ठेवायचे, पुढच्या बदलीला पुन्हा जोडायचं. क्वार्टरच्या मागच्या बाजूला प्रत्येकीच्या अशा फळ्या उभ्या असत. पाऊस लागून त्या वाकल्या की समजावं, हिला स्टेशनात पुरे दिवस मिळाले.

आणि बारदान. गादी, कपड्यांचे गठ्ठे, पितळी गुंड, सगळं बारदानात शिवायचं. दाभणात सुतळी ओवायची, टोक मेणबत्तीवर फिरवायचं म्हणजे ते फिसकटत नाही, आणि दोन्ही काठ एकमेकांत दुमडून वरून टाका घालायचा. टाका ओढताना सुतळी तळव्यात रुतते, म्हणून हाताला जुना मोजा चढवायचा, तोही त्याचाच, हिरवा. कोपरा आला की दाभण अडतं. तिथे डाव्या हातानं गठ्ठा दाबून, गुडघा वर ठेवून, एका झटक्यात ओढावं लागतं. शिवून झालं की निळ्या शाईनं नाव. भंडारा पितळेसाठी ओळखला जातो, आणि माहेरहून मिळालेल्या गुंडांनी ती ओळख पंजाबपर्यंत नेली, पण एकेका गुंडाचं वजन उचलणाऱ्या पोरांना विचारावं. युनिटमधली पोरं यायची सामान चढवायला. केरळची, हिमाचलची, एखादा आपल्या बुलडाण्याचा. 'भाभीजी, इसमें पत्थर है क्या?' असं विचारायची. एका गठ्ठ्यात खरोखरच असायचा.

त्यावरून सासूबाईंचं आणि माझं ठरलेलं भांडण. पहिल्यांदा निघाले तेव्हा पाटा-वरवंटा दोन्ही बांधले. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कायले नेतेस वं तो पाटा? पंजाबात का गोटे नाई भेटत?" शेवटी पाटा लाखनीत राहिला आणि वरवंटा माझ्यासोबत फिरला. गोटे सगळीकडे भेटतात, हाताला बसलेला वरवंटा भेटत नाही. कोणत्याही क्वार्टरच्या ओट्यावर तो चालला.

पैसे हातात थोडे खेळू लागल्यावर आम्हीही एकदा कंपनी लावली. नाव छान, गणवेश घातलेली माणसं, बुडबुड्यांचं प्लास्टिक. भराभर गुंडाळलं, मी खुर्चीत बसून पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. ट्रक ठरल्यापेक्षा बराच उशिरा आला, आरशाला तडा होता, आणि उतरवायचे वेगळे पैसे मागितले. तरीही माझं मत बदललं नाही. जड आणि बिनमायेचं जे आहे ते परक्याच्या पाठीवर द्यावं. पलंग, कपाट, कूलरचं स्टँड. त्यात पाठ मोडून घेण्यात कसलाही पराक्रम नाही. 'फौजीची बायको खंबीर असते' हे कौतुक मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मला त्यात हमालीचा दर कापलेला ऐकू येतो.

पण कंपनी ज्याला हात लावत नाही असा एक मोठा ढीग उरतो. क्वार्टर परत करणं, म्हणजे मार्च आऊट. एमईएसचा, म्हणजे फौजेची क्वार्टर्स सांभाळणाऱ्या खात्याचा, माणूस यादी घेऊन येतो. पंख्याचा रेग्युलेटर, नळाची तोटी, खिडकीची काच, दाराची कडी. एमईएसची खुर्ची, एमईएसचं टेबल, त्यांवर रंगवलेले आकडे. एखादी वस्तू कमी भरली तर बॅरॅक डॅमेज म्हणून पगारातून कापतात. काच आम्ही येण्याआधीच फुटलेली होती हे सिद्ध करायला, आलो त्या दिवशीची यादी जपून ठेवावी लागते. मी ती देवाच्या फोटोमागे ठेवत असे, तो फोटो कोणी कधी पॅक करणार नाही या खात्रीनं. मग क्लिअरन्सचा कागद: कँटीन, लायब्ररी, दवाखाना, गॅस. प्रत्येक खिडकीवर 'साहब कहाँ हैं?' साहेब जालंधरला पोचून पराठे खात आहेत.

मुलांच्या शाळेचं तेवढं सोपं झालं, त्यामागे मोठी गोष्ट आहे. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि फौजींच्या मुलांचं शिक्षण मध्येच तुटू नये म्हणून नोव्हेंबर १९६२मध्ये सरकारनं योजना मंजूर केली, आणि पुढच्या वर्षी २० रेजिमेंटल शाळा घेऊन केंद्रीय विद्यालयं सुरू झाली. एका केंद्रीय विद्यालयाचा दाखला दुसऱ्यात चालतो, पुस्तकंही तीच. आमच्या मुलीनं एक धडा जबलपूरला सुरू केला आणि जालंधरला संपवला. मैत्रिणींसाठी मात्र अशी योजना निघालेली नाही. दाखला घेताना ती ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर पत्ते लिहून घेत होती. ते काम मी तिच्याऐवजी करू शकत नव्हते, कंपनीचा तर प्रश्नच नाही.

सगळ्यात अवघड हलणं ठरलं ते घरी येण्याचं. ह्यांना फील्ड लागलं. फील्डला कुटुंब नेता येत नाही, म्हणून सामान लाखनीला. आणि महिना जुलैचा. आमच्याकडे जुलैत माणूस मिळत नाही. पऱ्हे उपटायचे, चिखलणी करायची, रोवणी उरकायची. गावातला प्रत्येक हात बांधीत असतो. ट्रक नागपूरकडून आला तो हायवेवर थांबला. पूर्वीचा ६ नंबर, आताचा ५३ नंबर, मुंबई-कोलकात्याचा रस्ता. आता लाखनीवरून उड्डाणपूल गेला आहे, थांबायचं नसेल तर गाव दिसतही नाही. तेव्हा दुतर्फा हॉटेलं आणि चिखल. ड्रायव्हरनं गल्ली पाहिली, मान हलवली. आत गाडी जाणार नाही.

मी भासऱ्यांना फोन केला. आमच्यात भासऱ्यांशी बोलायची फारशी रीत नाही, फोनवरही मी पदर सावरला असेन. ते शेतात होते. ट्रॅक्टरला चिखलणीची लोखंडी चाकं लावलेली होती, आणि ती चाकं घेऊन रस्त्यावर येता येत नाही. त्यांनी ती भर पावसात काढली, टायर चढवले, ट्रॉली जोडली, धानावर घालायची ताडपत्री टाकून आणली, आणि हायवेवर येऊन माझ्याकडे न पाहता ड्रायव्हरला म्हणाले, "उतरव बावा, हयू हयू." रोवणीवरून परतणाऱ्या बायका थांबल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. कोणी कोणाला सांगितलं नाही. एकीनं कूलरचा पंखा घेतला, दोघींनी गादी. फ्रिजच्या पांढऱ्या दारावर बोटांचे चिखलाचे ठसे उमटले. ते मी लगेच पुसले नाहीत, कारण लगेच स्वयंपाकाला लागायचं होतं, इतक्या लोकांना चहा तरी द्यायचा होता.

क्लेमच्या फॉर्मवर 'कुठून' आणि 'कुठपर्यंत' अशा दोन रकान्यांत सगळा प्रवास मावतो. हायवेपासून घरापर्यंतचा तुकडा त्यात गेला, पण भासऱ्यांची अर्ध्या दिवसाची चिखलणी गेली नाही. ह्यांनी सुट्टीवर आल्यावर पैशाची गोष्ट काढली, तेव्हा भासऱ्यांनी डिझेलचेसुद्धा घेतले नाहीत. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार पाहायला सगळ्यांना घेऊन जा, एवढंच म्हणाले. तिथेही ह्यांना सुट्टी नसल्यानं मीच नेलं.

परवा पुतण्याच्या बायकोचा फोन आला. पुतण्या नायक आहे, पहिल्यांदा पीस स्टेशन मिळालंय, दोघं मिळून घर लावणार. तिनं दोन कंपन्यांचे भाव काढले होते, युनिटची गाडी मिळेल का तेही विचारलं होतं, आणि यादी केली होती: वॉशिंग मशीन, दिवाण, गॅस, लाखोळीची डाळ, चिन्नोर तांदळाचं पोतं.

"काकू, हे म्हणतात आपण स्वतःच करू. पैसे वाचतील."

"तो जातो कधी?"

"येत्या सोमवारी. मी मुलीची परीक्षा झाली की."

"मंग पॅकर्स लाव," मी म्हटलं, "आणि बिल त्याच्याच खात्यातून भर."

ती हसली, मग थोडं थांबून तिनं विचारलं, पाटा नेऊ का. मी तिला वरवंट्याचं सांगितलं.