सांगोल्यात ऐकलेले गाणे

पंढरपूरहून एस.टी.ने सांगोल्याकडे निघाले की कोरडवाहू रानात डाळिंबाच्या हिरव्या बागा दिसू लागतात. माण नदीकाठचा हा दुष्काळी तालुका. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे येथूनच बंगालला गेली.

माझ्या लक्षात राहिली ती मात्र येथल्या विहारातली भीमगीते. पेटी, ढोलकी आणि मागे कोरस धरणारी चार पोरे. एका गाण्यात ‘वेठ’ हा शब्द आला. शाळकरी नातीने आजीला अर्थ विचारला. आजी म्हणाली, “तुझ्या पणजीनं बिनमजुरीची लाकडं वाहिली, ती वेठ.” गायकाने ती ओळ पुन्हा घेतली, तेव्हा सगळ्या बायकांनी ती उचलून धरली. मोबाइलवर अनेकदा ऐकलेले तेच गाणे मला त्या रात्री खरे कळले.

वामनदादा कर्डकांना (१९२२-२००४) लिहिणे-वाचणे मोठेपणी आले. त्यांची गाणी गावोगाव गेली ती तोंडातोंडीच. आज जो तो एकटाच कानात यंत्र घालून ऐकतो. गाणे ऐकू येते. पण पणजीची वेठ सांगणार कोण? आठवड्यातून एक संध्याकाळ तरी घरातल्यांनी मिळून गाणे म्हणावे, आणि मुलांना अर्थ विचारू द्यावा.