चला, भोकरदनच्या बाजाराला!

मुलांनो, 'बेगमी' हा शब्द तुम्ही ऐकलाय का? बेगमी म्हणजे पुढे लागणाऱ्या वस्तूंची आधीच करून ठेवलेली तरतूद. मुंग्या करतात ना, तशी! आमच्या मराठवाड्यात चैत्र लागला की घरोघरी बेगमीची गडबड सुरू होते. गहू, तूरडाळ, मिरची, हळद, चिंच, मीठ. पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत सगळं घरात येऊन पडायला हवं.

मी जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात एका छोट्या गावात शिक्षक आहे. शाळेत माझी आज्ञा चालते, पण बेगमीच्या बाबतीत आमच्या घरची मुख्याध्यापक म्हणजे आई. गेल्या चैत्रात तिनं कॅलेंडरच्या जुन्या पानामागे माझ्याकडून यादी लिहून घेतली. सकाळची शाळा होती. दुपारी बारा वाजता शाळा सुटली आणि आम्ही दोघं काळीपिवळी जीपमध्ये बसून भोकरदनच्या आठवडी बाजाराला निघालो.

वाटेत तुम्हाला एक गंमत सांगतो. केळणा नदीच्या काठचं हे भोकरदन साधंसुधं गाव नाही बरं का! याचं जुनं नाव भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणारा व्यापारी मार्ग इथून जात असे. सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. त्यात भोगवर्धनची माणसंही आहेत! १९७३ च्या सुमारास इथं उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली स्त्रीची एक मूर्ती सापडली. आता पुढचं ऐका. इटलीत पाँपेई नावाचं शहर होतं. इसवी सन ७९ मध्ये ते व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली भारतातून गेलेली एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. भोकरदनची मूर्ती आणि ही मूर्ती यांत बरंच साम्य आहे. म्हणजे आपण ज्या गावात पिशवी घेऊन जातो, त्या गावाचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार गेला असेल, असं अभ्यासकांना वाटतं. आहे की नाही कमाल?

तर आम्ही बाजारात पोचलो. ऊन रणरणत होतं. गोणपाटाच्या आणि साड्यांच्या सावल्या करून लोक बसले होते. एकीकडे भाजी, एकीकडे मसाल्याचं सामान, पलीकडे टोपल्या, केरसुण्या, विळे, पत्र्याच्या कोठ्या. मी लगेच पिशवी उघडली. आई म्हणाली, "थांब जरा. आधी एक चक्कर मार. चार ठिकाणी भाव विचार. पहिल्याच दुकानात जो पिशवी भरतो, त्याला बाजार कळला नाही."

आईचा हा पहिला धडा. दुसरा धडा मालाच्या पारखीचा. मिरचीच्या ढिगाजवळ ती बसली, चार मिरच्या उचलल्या आणि कानाशी हलवल्या. आत बिया खुळखुळल्या, तर मिरची कडक वाळलेली. खुळखुळल्या नाहीत, तर ओलसर. "ओली मिरची घेतली म्हणजे मिरचीच्या भावानं पाणी घेतलं," आई म्हणाली. शिवाय अशा मिरचीला बुरशी लागते ती वेगळीच.

गव्हाची परीक्षा दातानं. दाणा चावला आणि 'कट्' आवाज आला, तर गहू वाळलेला. नुसता चेपला, तर त्याला घरात कीड लागणार हे नक्की. आणि पोत्यातला वरचा दाणा बघून फसायचं नाही. एक टोकदार पोकळ नळी पोत्यात खाली खुपसून आतला दाणा बाहेर काढतात. वरचा आणि आतला दाणा सारखा असेल, तरच सौदा!

गव्हाचा सौदा आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून केला होता. भाव सांगितला क्विंटलला ३,००० रुपये. एकदम आठ क्विंटल घेतो म्हटल्यावर तो २,९०० वर आला. मी खूश! आठशे रुपये वाचले की! पण गहू गावी न्यायला 'छोटा हत्ती' केला, म्हणजे तो छोटा टेम्पो हो. त्याचं भाडं ६०० रुपये. आता करा हिशेब. वाचले २०० आणि घरं चार. म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला आले पन्नास रुपये! मी तोंड पाडलं, तर आई म्हणाली, "आणि नाहीतर दोन क्विंटल गहू काय डोक्यावर आणणार होतास?" तेही खरंच. एकत्र खरेदीची ही युक्ती मोठ्या शहरातही चालते. मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून हेच केलं. घरांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागवायचा आणि वाटून घ्यायचा.

तिसरा धडा मात्र मी आईला दिला. कपडे धुण्याच्या पावडरची पाच किलोची थैली होती ४५० रुपयांना. आई म्हणाली, "मोठी थैली स्वस्त पडते." मी एक किलोच्या पुड्याची किंमत पाहिली. ८५ रुपये! पाच पुडे घेतले तर ४२५. मोठी थैली उलट पंचवीस रुपयांनी महाग! म्हणून मुलांनो, 'मोठं ते स्वस्त' असं डोळे मिटून धरू नका. एका किलोला किती पडले, ते काढा. पुड्यावर छापलेली किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त घेऊ शकत नाही.

वजनाकडेही लक्ष हवं. आपल्याकडे पूर्वी शेर, पायली, मण अशी मापं होती. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो आणि ग्रॅम टप्प्याटप्प्यानं आले. लोखंडी वजन उलटं करून बघा. शिशाच्या तुकड्यावर तपासणीचा शिक्का दिसेल. इलेक्ट्रॉनिक काटा असेल, तर माल ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का, ते पाहायचं.

यादीत शेवटी उरली चिंच. बाजाराच्या अगदी टोकाला एक बाई दोन टोपली चिंच घेऊन बसली होती. आईनं चिंच हातात घेतली, बोटांनी उकलून पाहिली. एक चिंचोका नाही, एक शीर नाही, टरफलाचा कण नाही. "केवढ्याला?"

"एकशे वीस किलो."

दिवसभर पैशापैशासाठी घासाघीस करणारी आमची आई चटकन म्हणाली, "दे अडीच किलो."

मला राहवलं नाही. सबंध दुपार मी भाव पाडायला शिकत होतो ना! मी म्हणालो, "शंभरनं द्या. अडीच किलो घेतोय."

"नाही जमत, भाऊ."

"मग राहू द्या." मी उठायचं सोंग केलं. ती बाई क्षणभर गप्प बसली. ऊन कलत होतं, टोपलं अजून अर्धं भरलेलं होतं. "बरं, एकशे दहा द्या," ती म्हणाली. मी पाचशेची नोट पुढे केली. तेवढ्यात तिच्या पाठीमागून बारीक आवाज आला, "दोनशे पंचाहत्तर झाले. दोनशे पंचवीस परत."

आवाज ओळखीचा होता. वाकून पाहिलं, तर आमच्या चौथीतली मुलगी! त्या दिवशी हजेरीत तिच्या नावापुढे मी गैरहजेरी मांडली होती. दर बाजाराच्या दिवशी मांडत होतो.

"अगं, शाळेत काहून आली नाहीस?" मी विचारलं. ती पदराआड गेली. तिची आई म्हणाली, "गुरुजी, तुम्ही व्हय! ओळखलंच नाही बघा. दोन टोपली असतात, एकटीला उचलत नाहीत. आणि हिशेब हिच्याशिवाय होत नाही." मायलेकी रोज रात्री जागून चिंच फोडत होत्या. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, एकेक चिंचोका काढायचा. त्या मुलीची बोटं काळपट झाली होती. वर्गात मी तिला 'हात धुऊन येत जा' म्हणून रागावलो होतो, ते आठवलं.

मी पंचवीस रुपये काढून पुढे केले. ती माउली म्हणाली, "सौदा झाला गुरुजी, आता नको." आणि वर मूठभर चिंच पिशवीत टाकली.

परतताना जीपमध्ये आई बोलली, "भाव करावा रे. पण समोर पोतं आहे की टोपलं, ते बघून करावा."

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून त्या मुलीचा चाचणीचा पेपर काढला. 'एक किलो साखर ४४ रुपये, तर अडीच किलो साखरेचे किती?' उत्तराची जागा कोरी! मी तिला जवळ बोलावून विचारलं, "चव्वेचाळीसनं अडीच किलो चिंच देशील का?" ती लगेच म्हणाली, "एकशे दहा. दोन किलोचे अठ्ठ्याऐंशी आणि अर्ध्याचे बावीस." मग तिचंच बोलणं मी फळ्यावर लिहिलं: ८८ + २२ = ११०. ती फळ्याकडे बघतच राहिली. "हे गणित आहे?" तिनं विचारलं.

नंतर वाचलं, की अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो या नोबेल मिळवलेल्या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. बाजारातले अवघड हिशेब ही मुलं तोंडी करतात, पण तसंच गणित पुस्तकातल्यासारखं मांडलं की अडतात. आणि नुसतं शाळेत शिकणारी मुलं बाजारात अडतात. चूक मुलांची नाही. बाजार आणि वर्ग यांच्यामध्ये आम्ही शिक्षकांनी पूल बांधला नाही, ही आमची चूक.

मग आम्ही एक तोड काढली. तिची आई एक टोपलं घेऊन सकाळच्या जीपनं जायची. मुलगी शाळेत यायची. दुपारी शाळा सुटली, की दुसरं टोपलं आणि ती मुलगी, दोघांना घेऊन मी भोकरदनला. चिंचेचा हंगाम संपेपर्यंत तीन बाजार मी ते टोपलं उचललं. चांगलं जड असतं बरं का!

आता तुम्ही एक करा. या सुट्टीत आईबाबांबरोबर बाजाराला जा. वही न्या. एकाच वस्तूचे चार ठिकाणचे भाव लिहा, किलोला किती पडले ते काढा, मिरची कानाशी हलवून पाहा. आणि टोपलं घेऊन बसलेल्या माणसाला हेही विचारा, की हा माल तयार करायला किती दिवस लागले? तेही त्याच पानावर भावाशेजारी लिहून ठेवा.