घरचा हिशेब आणि लॅपटॉप

महिन्याची वीस तारीख उलटली की पगार गेला कुठे, हा प्रश्न कष्टकऱ्यांच्या घराघरात विचारला जातो. उत्तर कोणाकडेच नसते. मग पती पत्नीवर चिडतो आणि पत्नी मुलांवर. आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनी करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब लिहितो. तेव्हा घरचाही लिहायचाच, असे आमच्या आयुष्यमतींनी आणि आम्ही लग्नानंतर ठरवले. आधी वही होती. आता लॅपटॉपवर 'ग्नूकॅश' नावाची प्रणाली वापरतो.

ही प्रणाली १९९८ पासून आहे आणि फुकट मिळते. त्या काळी मायक्रोसॉफ्टच्या 'मनी' या प्रणालीचे मोठे नाव होते, पण कंपनीने २००९ साली तिची विक्री बंद केली. म्हणून हिशेबाची फाईल आपल्याच मशीनवर राहणे बरे, असे आमचे मत आहे. मोबाईलमधील काही अ‍ॅप आपले एसएमएस वाचून हिशेब लावतात आणि वर कर्जही दाखवतात. ते आम्हाला पटत नाही.

आमच्या खोलीत वायरचे इंटरनेट नाही. पूर्वी डोंगल होता. तो खिडकीच्या गजाला लावला तरच रेंज मिळे आणि बँकेचे पान उघडेपर्यंत 'वेळ संपली' असा निरोप येई. आता मोबाईलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडतो. नेट लागते ते फक्त बँकेचा उतारा उतरवून घेण्यापुरते. सीएसव्ही प्रकारातला वर्षाचा उतारा मोबाईलवरच्या एका फोटोपेक्षाही लहान असतो. डेटा खातो तो विंडोजचा अपडेट! त्यासाठी सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवावे. उतारा आत घेताना तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा निवडावा, नाहीतर ५ एप्रिलचा खर्च ४ मे रोजी जाऊन बसतो. ग्नूकॅशच्या फाईलला स्वतःचा पासवर्ड नसतो, म्हणून लॅपटॉपला पासवर्ड हवाच. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर बँकेचे काम करू नये.

पण या प्रणालीचे खरे मोल आम्हाला शेजारच्या एका ताईंमुळे कळले. त्या चार घरी स्वयंपाक करतात. पतीच्या ऑपरेशनसाठी त्यांनी ओळखीच्या एका माणसाकडून ४०,००० रुपये घेतले होते, शेकडा तीन दरमहा. दर महिन्याला १,२०० रुपये न चुकता देत होत्या. दोन वर्षे झाली होती. "आता थोडंच राहिलं असेल, जरा बघता का दादा?" म्हणून त्या मुलीला घेऊन आल्या.

ग्नूकॅश दुहेरी नोंदीने चालते. प्रत्येक रकमेला दोन बाजू द्याव्या लागतात: आली कुठून आणि गेली कुठे. मुद्दल 'देणी' या खात्यात जाते, व्याज 'खर्च' या खात्यात. चोवीस महिन्यांच्या नोंदी मुलीनेच टाईप केल्या. खर्चाच्या खात्यात २८,८०० रुपये चढले. देण्याच्या खात्यात ४०,००० तसेच उभे.

ताई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "मग मी दोन वर्षं भरलं ते काय?"

"ताई, ते सगळे व्याज."

त्यांना पावती कधीच मिळाली नव्हती. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ चा आहे. त्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि पैसे घेतल्याची पावती द्यावी लागते. हे आम्ही त्यांना सांगितले. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते, तेही सांगितले. तक्रारीचे त्यांनी मनावर घेतले नाही. अडीअडचणीला पुन्हा त्याच माणसाचे दार, ही त्यांची भीती आम्हाला खोटी म्हणता आली नाही. मात्र नोंदींचा कागद छापून घेऊन त्या बचत गटाच्या बैठकीला गेल्या. गटाने शेकडा एक दराने २०,००० रुपये दिले, तेवढे मुद्दल त्याच दिवशी फेडले. त्या माणसाचे व्याज १,२०० वरून ६०० वर आले. गटाचे २०० वेगळे.

वाचलेले ४०० रुपये दरमहा मुद्दलात द्यायचे ठरले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी लॅपटॉपवर दोन नोंदी करते, व्याजाची वेगळी, मुद्दलाची वेगळी. गेल्या रविवारी सावकाराच्या देण्याच्या खात्यात १८,८०० होते.