पांढरी रेषा

2 जुलै 2023. ऑस्ट्रियन ग्रां प्रीमध्ये आमच्या फेरारीचा साइन्झ चौथा आला आणि अस्मादिक होस्टेलच्या कॉमन रूममधून खुशीत झोपायला गेले. सकाळी बघतो तर साइन्झ सहावा! शर्यतीनंतर ॲस्टन मार्टिनने प्रोटेस्ट केला. स्टुअर्ड्सनी पुन्हा तपासणी केली आणि आठ ड्रायव्हर्सना जादा पेनल्टी दिली. चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर गेल्याच्या 1200 हून जास्त संशयित नोंदी होत्या म्हणे!

"निकाल लागल्यावर पेपर पुन्हा तपासतात का रे?" मी मेसमध्ये तावातावाने विचारलं.

रूममेट पोहे खात शांतपणे म्हणाला, "काल हॅमिल्टनला याच रेषेसाठी पाच सेकंद लागले, तेव्हा टाळ्या कोण पिटत होतं?"

मी गप्प. नियम सगळ्यांना एकच होता, तराजू माझेच दोन होते.

2024 साली तिथल्या नवव्या-दहाव्या वळणाबाहेर खडीची पट्टी आली. बाहेर गेलात की वेळ तिथेच जातो. ना कॅमेरा, ना अपील. तक्रारी एकदम कमी झाल्या. स्टुअर्ड्सना जमलं नाही ते खडीने केलं.

खडीला फेरारी आणि मर्सिडीजमधला फरक कळत नाही. मला मात्र अजून कळतो, हीच पंचाईत!